वाऱ्याला नाव असलं तरच पूल बंद?

आपल्याकडे वाऱ्यामुळे पूल बंद व्हायचा असेल तर एक अट आहे. आधी त्या वाऱ्याचं बारसं व्हावं लागतं.

३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद केला. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' गुजरातकडे जाता जाता मुंबईला घासून गेलं, सेतू परत बंद. त्या दिवशी कुलाब्याला ताशी १०० कि.मी.च्या वर वारा होता. दोन्ही वेळा बरोबर निर्णय घेतला, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती बिननावाच्या वाऱ्याबद्दल. वैशाख संपता संपता दुपारी चार वाजता अचानक आभाळ काळवंडतं, धुळीचा लोट येतो, वीस मिनिटं सगळं हलवून सोडतो आणि निघून जातो, त्या वाऱ्याबद्दल. त्याला ना नाव, ना बातमी, ना बैठक. आणि माझ्या मते भिवंडीसारख्या ठिकाणी माणसं आडवी करतो तो हाच वारा.

आधी घडलेलं सांगतो, मग भांडतो.

१३ मे २०२४, सोमवार. तारीख आठवत असेल. त्याच दिवशी घाटकोपरला ते अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. मी राहतो भिवंडीत, नोकरी ठाण्यात. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून ऑफिसातून लवकर निघालो होतो. बाळकुम नाका सोडून कशेळीच्या पुलावर चढलो आणि समोरची खाडी दिसेनाशी झाली. धूळ. माझ्या उजवीकडून एक रिकामा कंटेनर चालला होता. तो पुढे सरकला, त्याचा आडोसा गेला, आणि कुणीतरी खांद्याला धरून ढकलावं तशी माझी स्कूटर हातभर बाजूला गेली. हातभर म्हणजे अक्षरशः हातभर. कठडा तिथून लांब नव्हता.

माझ्यापुढे एक डिलिव्हरीवाला पोरगा होता. पाठीवर ती चौकोनी पेटी. ती पेटी म्हणजे शीडच की हो! तो पडला. पुलाच्या मधोमध, आडवा. मागचा टेंपो वेळेत थांबला, कारण गर्दीमुळे सगळे बैलगाडीच्या वेगाने चालले होते. पोराचा तळहात सोलवटला, गुडघा फुटला. त्याला उठवून बाजूला घेतलं तर पहिला प्रश्न काय? "दादा, पार्सल ओलं नाही ना झालं?"

पुलाच्या टोकाला एक हवालदार उभे होते. टोपी हातात, डोळ्यांत धूळ. म्हटलं, साहेब, पाच मिनिटं दुचाकी थांबवा ना. ते म्हणाले, "मला पण कळतंय. पण मी कशाच्या जोरावर थांबवू? वरून विचारतील कुणी सांगितलं."

मला त्या माणसाचा राग नाही आला. उलट त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. कशाच्या जोरावर? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

वारा आणि पूल म्हटलं की आम्हा इंजिनियर मंडळींना कॉलेजात दाखवलेला तो टाकोमाच्या पुलाचा व्हिडिओ आठवतो. १९४० सालचा अमेरिकेतला पूल, चादर झटकावी तसा हेलकावे खातो आणि तुटतो. त्यामुळे आपला असा समज झालाय की वाऱ्यात धोका पुलाला असतो. नाही हो. कशेळीचा पूल काही झुलता नाही, त्या वाऱ्याला तो ढिम्म हलणार नाही. धोका पुलावरच्या गाड्यांना असतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ३६ कि.मी. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६ किलो. ताशी ७२ ला तोच २४ किलो. ताशी १०८ ला ५५ च्या आसपास. आता चाळीस फुटी कंटेनरची एक बाजू घ्या, सुमारे ३१ चौरस मीटर. म्हणजे ताशी ७२ च्या आडव्या वाऱ्यात त्या कंटेनरवर पावणेआठशे किलोचा रेटा येतो. ताशी १०८ ला पावणेदोन टन. आणि रिकाम्या कंटेनरचं स्वतःचं वजन? जेमतेम चार टन. खाली ट्रेलर असतो म्हणून तो लगेच उलटत नाही, मान्य. पण उलटणं ही शेवटची पायरी झाली. त्याच्या कितीतरी आधी गाडी लेन सोडते, ड्रायव्हर स्टिअरिंग उलट तोडतो, झोत थांबला की गाडी दुसरीकडे जाते. त्या दुसरीकडे कोण असतं? मी. किंवा तो पोरगा.

दुचाकीचं गणित वेगळं आणि जास्त वाईट. मी आणि स्कूटर मिळून पावणेदोनशे किलो. वाऱ्याला आमची बाजू मिळते जेमतेम एक चौरस मीटर. म्हणजे ताशी ७२ ला वीस-पंचवीस किलोचा रेटा. तो सलग असेल तर माणूस त्याच्यावर रेलून चालवतो, शरीर आपोआप शिकतं. पण शेजारून ट्रक आला की वारा एका क्षणात गायब, आणि तुम्ही ज्या बाजूला रेलला आहात त्या बाजूला जाता, म्हणजे ट्रककडे. ट्रक पुढे गेला की परत थप्पड. मोकळ्या रस्त्यावर घरं असतात, झाडं असतात, वारा अडतो. खाडीवर अडवायला काय आहे? काही नाही.

माझा चुलतभाऊ, मी त्याला दादाच म्हणतो, टेंपो चालवतो. इथून ग्रे कापडाचे तागे मुंबईला नेतो, येताना बहुतेक वेळा रिकामा येतो. त्याला हे गणित दाखवलं तर हसला. म्हणाला, "एवढं लिहायला कशाला लागतं? भरलेला असलो की मी ब्रेक बघतो, रिकामा असलो की वारा बघतो." त्या १३ मे ला तो साकेत पुलाच्या अलीकडे होता. आभाळ बघून त्याने टेंपो कडेला लावला आणि वीस मिनिटं बसून राहिला. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या घातल्या. म्हणजे नियम आहे, तो पाळणारा माणूसही आहे. फक्त तो नियम एका ड्रायव्हरच्या डोक्यात आहे आणि पाळला तर त्याला शिव्या पडतात.

आता तुम्ही म्हणाल, वारा मोजून वाहतूक थांबवायची हे परदेशातले चोचले. स्कॉटलंडमध्ये करतात. हो, करतात. फोर्थच्या खाडीवर जुन्या पुलावर वारा वाढला की उंच गाड्यांना बंदी व्हायची, आणि २०१७ मध्ये शेजारी नवा पूल बांधला तेव्हा कडेला वारा अडवणारे पडदेच लावून टाकले. पण मला स्कॉटलंडला जायचंच नाहीये. मला रत्नागिरीला जायचंय.

कोकण रेल्वेने चार ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. रत्नागिरी ते निवसर दरम्यान पानवल नदीवरचा पूल, जो जमिनीपासून सुमारे ६५ मीटर उंच आहे. थिवी ते करमळी दरम्यान मांडवीवरचा. करमळी ते वेर्णा दरम्यान झुआरीवरचा. आणि खाली कर्नाटकात होन्नावरजवळ शरावतीवरचा. त्याहून जुनं उदाहरण हवंय? रामेश्वरमचा जुना पांबन पूल. १९६४ च्या डिसेंबरात वादळात अख्खी पॅसेंजर गाडी समुद्रात गेली. पुढे तिथे वारा ताशी ५८ कि.मी.च्या वर गेला की सिग्नल लाल, अशी व्यवस्था झाली. कुणी फोन करायचा नाही, कुणी परवानगी मागायची नाही. आकडा ओलांडला की गाडी थांबली.

म्हणजे तंत्रज्ञान आहे, ते भारतात आहे, मराठी मुलखात आहे, आणि सरकारी खातं ते चालवतं. मग हेच रस्त्यावरच्या पुलाला का नाही?

या 'का नाही'ची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. वाऱ्यात नाही, पुरात. आज महाडजवळ कोकण रेल्वेच्या सावित्रीवरच्या पुलाला पुराचा इशारा देणारी यंत्रणा आहे, पाणी वाढलं की कळतं. तीच सावित्री, तोच तालुका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस अंधारात सरळ नदीत गेल्या. ड्रायव्हरला सांगायला कुणी नव्हतं की पुढे पूल उरलेला नाही. नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा राहिला. सिमेंट ओतायला आपल्याला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो "थांबा" म्हणायला.

नेहमीचे आक्षेप मला पाठ आहेत, एकेक घेतो.

"कायद्यात तरतूद नाही." आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षेसाठी वाहनांवर निर्बंध घालता येतात, आणि निर्बंध एका महिन्याहून कमी काळाचा असेल तर राजपत्रात छापायचीसुद्धा गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. मेट्रोचा गर्डर चढवायचा असला की रात्रीची बंदी निघते. मोठा नेता यायचा असला की दिवसाढवळ्या निघते. गर्डरसाठी निघते तर माणसासाठी का नको?

"भिवंडी काय समुद्रावर आहे का?" नाही. घाटकोपरचा तो पेट्रोल पंपही समुद्रावर नव्हता.

"वर्षातून चार-पाच वेळा होतं, त्यासाठी एवढा खर्च?" अहो, वारा मोजणारं यंत्र म्हणजे काही उपग्रह नाही. पुलाच्या एका दिव्याच्या खांबावर मावतं. आणि चार-पाच वेळाच होत असेल तर चार-पाच वेळा वीस मिनिटं थांबायला आपलं काय जातं? कशेळी ते अंजूरफाटा या रस्त्याने रोज आपण काहीही कारण नसताना त्याहून जास्त वेळ उभे असतो. :-)

"गोदामांचं नुकसान होईल." काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, अर्ध्या मुंबईचा माल इथल्या गोदामांतून निघतो, मला माहीत आहे. शेजारीपाजारी निम्मे लोक तिथेच कामाला आहेत. पण पुलावर एक कंटेनर आडवा झाला तर रस्ता किती तास बंद राहील? वीस मिनिटं वाचवायला सहा तास पणाला लावायचे याला धंदा म्हणत नाहीत, जुगार म्हणतात.

"सगळा पूल बंद करणं शक्य नाही." हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण सगळा पूल बंद करा असं कुणी म्हणतच नाहीये! आपल्याकडे पुलाला दोनच अवस्था माहीत आहेत, चालू आणि बंद. मधलं काही नाहीच. म्हणून मग 'बंद' हा शब्द एवढा जड होतो की नाव असलेलं वादळ आल्याशिवाय कुणी तो उच्चारत नाही.

मी रोज जे काम करतो त्यात हा प्रश्न फार जुना आहे. सर्व्हरवरचा भार वाढला की काय करायचं हे आम्ही रात्री तीन वाजता मीटिंग घेऊन ठरवत नाही. आधीच लिहून ठेवतो. या आकड्याला इशारा, या आकड्याला कमी महत्त्वाची कामं बंद, या आकड्याला सगळंच बंद. ज्याची रात्रपाळी असेल त्या पोराला, तो काल का लागलेला असेना, ते बटण दाबायचा अधिकार असतो. सकाळी त्याला कुणी विचारत नाही "कुणी सांगितलं?" कारण आकड्याने सांगितलेलं असतं.

तेच इथे करा. पहिल्या पायरीला फक्त पाटी पेटू दे, वेग कमी करा, रिकाम्या उंच गाड्यांनी ओव्हरटेक करू नये. दुसऱ्या पायरीला दुचाकी आणि रिकामे कंटेनर, टेंपो दोन्ही टोकांना थांबवा, मोटारी आणि भरलेले ट्रक हळू जाऊ द्या. तिसऱ्या पायरीला सगळंच थांबवा, पुलावर कुणी राहू नये. किती वेगाला कुठली पायरी हे मी ठरवणार नाही, पुलाच्या आणि वाहतुकीच्या इंजिनियरांनी ठरवावं. पण उन्हाळ्याआधी ठरवावं, वारा सुटल्यावर नाही.

दोन गोष्टी मात्र आमच्या धंद्यातून सांगतो, कारण तिथे आम्ही हात पोळून घेतलेत. एक, सरासरी बघू नका, झोत बघा. दहा मिनिटांची सरासरी ताशी ३५ असेल आणि मधेच एक झोत ६५ चा आला तर माणूस त्या झोतानेच पडतो, सरासरीने नाही. दोन, बंद करायचा आणि उघडायचा आकडा एकच ठेवू नका. समजा, उदाहरणापुरतं, ५० ला थांबवलं आणि ४९ झालं की सोडलं, तर दर मिनिटाला उघड-बंद होत राहील आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी ऐकणार नाही. ५० ला थांबवा, पण ४० च्या खाली सलग पंधरा मिनिटं राहिला तरच सोडा. आणि यंत्र बंद पडलं तर "वारा शून्य" असं समजू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, असल्या शून्याने मी अख्खी सिस्टिम झोपलेली पाहिली आहे.

आणि थांबवायचं तर थांबायला जागा द्या. पावसात, धुळीत दुचाकीवाल्याने उभं कुठे राहायचं? दोन्ही टोकांना एक साधी शेड, ट्रकसाठी कडेला पट्टी. नाहीतर लोक पुलाखालीच्या कोपऱ्यात नाहीतर होर्डिंगखाली उभे राहतील, आणि त्याचा शेवट आपण घाटकोपरला पाहिलाय.

आता जे खरं टोचतंय ते सांगतो.

सागरी सेतूवर दुचाकी चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या अटल सेतूवरही दुचाकी, रिक्षा चालत नाहीत. म्हणजे वाऱ्याने जो पहिला पडतो तो माणूस त्या पुलांवर मुळात नाहीच. तिथे कॅमेरे आहेत, नियंत्रण कक्ष आहे, टोल आहे, आणि वादळ आलं की बातमीसुद्धा आहे. आणि जिथे दुचाकी आहे, रिक्षा आहे, तागे सोडून परतणारा रिकामा टेंपो आहे, जेएनपीटीचा कंटेनर आहे, पाठीवर पेटी घेतलेला पोरगा आहे, सगळे एकाच लेनमध्ये एकमेकांना चिकटून, तिथे काय आहे? एक हवालदार, टोपी हातात धरलेला. इतकी वर्षं या पुलावरून जातोय, वारा किती आहे हे सांगणारी एक पाटी मला कधी दिसली नाही.

कशेळीच्या खाडीवरून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचाही मार्ग जातो. मेट्रो धावायला लागली की वाऱ्यात ती कधी थांबवायची याचा नियम असणारच, गाडीला असतोच. तेव्हा त्या खाडीवर एकच वारा असेल. वरच्या गाडीला तो मोजून दिला जाईल, आणि खालच्या स्कूटरला खांद्यावर कळेल.

मला मोठा पूल नको, नवा पूल नको. एक यंत्र, एक पाटी, तीन आकडे, आणि एक कागद. त्या कागदावर एवढंच लिहिलेलं की आकडा ओलांडला तर जागेवरच्या हवालदाराने थांबवावं आणि त्याला कुणीही जाब विचारू नये. तो कागद त्यांच्या खिशात असता तर त्या दिवशी ते म्हणाले नसते, कशाच्या जोरावर थांबवू.

असो. त्या पोराला मी कशेळीच्या बाजूला मेडिकलपर्यंत सोडलं, पट्टी बांधली. आईची डॉक्टरची वेळ चुकली. वारा तोवर थांबला होता, ऊन पडलं होतं, आणि पुलावर नेहमीसारखा ट्रॅफिक जाम. पेटी पाठीला लावून पोरगा परत त्याच पुलावर चढला. त्याला पलीकडे ठाण्याला दोन पार्सलं द्यायची होती.